धक्क्यावरचं घर

गेल्या वर्षी, वसंतातल्या पितरांच्या दिवसांत, आईवडिलांच्या कबरीवर उदबत्ती लावून कुनिहिको म्हणाला होता, "ताई, धक्क्यावरचं घर आणि सुक्या मासळीचं दुकान तूच ठेव. मला डोंगरावरची खडकाळ संत्र्यांची बाग पुरे." गावानं त्याच्या मोठ्या मनाचं तोंडभर कौतुक केलं. तेव्हापासून मित्सुए रोज सकाळी देवघरात भाताची वाटी ठेवताना भावासाठी दोन क्षण जास्त हात जोडायची.

भूकंपात बंदराची जमीन किती हादरेल हे मोजणं, हेच कुनिहिकोचं काम. यंदा तो यंत्र घेऊन गावच्या धक्क्यावर आला, तेव्हा मित्सुएनं बर्फाचं मशीनसुद्धा बंद करायला लावलं.

"गप्प बसा रे, माझा भाऊ जमिनीचं ऐकतोय!"

"श्वास तरी घेऊ का गं?" म्हाताऱ्या इवाओनं कुजबुजत विचारलं.

संध्याकाळी सभेत कुनिहिकोनं सांगितलं, "ही समुद्र बुजवून केलेली मऊ जमीन आहे. डोंगराच्या चौपट हादरेल. त्या हिशोबानं नवा धक्का मजबूत बांधू. मागच्या जुन्या घरांचं मात्र काही खरं नाही."

मित्सुएचं घर त्या जुन्या घरांतलंच, पण तिचा जीव तुटला तो भावासाठीच. त्याच्या कचेरीतल्या हातानाका नावाच्या सहकाऱ्याला चहा देताना ती हळूच म्हणाली, "बिचारा! आपण ताईला असं घर दिलं हे आज कळल्यावर त्याला किती लागलं असेल."

 

"आज कुठं, काकू? ही तर फेरतपासणी. पहिली मोजणी त्यानंच केली होती, तीन वर्षांपूर्वी."