वाजव, टॉम!

"पुन्हा म्हण," होझिआ पुटपुटला.

"वाजव, टॉम!" लुवीनिया म्हणाली.

"आणि मी कोण?"

"टॉम हेल. माझा नवरा. कालपर्यंत दुसराच होता." त्याला हसू आलं नाही. तिलाही नाही.

मेम्फिसमधल्या त्या गोदामाच्या माडीवर आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या ठोकल्या होत्या. खिडक्या गच्च बंद, आत भट्टी पेटल्यासारखं उकडत होतं. रेकॉर्डवाल्या गोऱ्या साहेबानं होझिआच्या पायाखाली उशी सरकवली. ठेक्याची धपधप मेणावर उमटते म्हणे. गाणं कोरून घ्यायला यंत्रावर मेणाची जाडजूड तबकडी ठेवली होती. लोण्याच्या रंगाची.

होझिआ तुरुंगाच्या शेतावरून पळालेला माणूस होता. तिथला कैद्यांवरचा कप्तान संध्याकाळी त्याला ओट्यावर बसवून गाऊन घ्यायचा. गाण्याचा भारी शौक त्याला. घरी ग्रामोफोन होता, गावात नवी रेकॉर्ड आली की पहिली त्याच्याकडे. म्हणून दोघांनी ठरवून टाकलं होतं. नाव दुसरं, आवाज दुसरा, आणि तारांवर चाकूचं पातं सरकवत वाजवायची होझिआची ती रीत, तिचं तर नावच काढायचं नाही.

"मग जायचंच कशाला?" लुवीनियानं घरी विचारलं होतं.

"माझ्याबरोबर माझी बोटंपण मातीत जाणार, लू. काहीतरी मागं राहू दे."

लाल दिवा लागला. होझिआ खालच्या पट्टीत, नाकात गायला. लुवीनियानं दुसऱ्या गिटारवर साथ धरली आणि मध्येच, पाठ केल्यासारखं, म्हणाली, "वाजव, टॉम." नाचाच्या घरात ही हाक लागतेच. वाजवणाऱ्याला सोबतीणीनं नावानं हाक दिली नाही तर लोक म्हणतात, अजून पाणी तापलं नाही.

दिवा विझला. साहेबानं कानावरचा हेडफोन काढला.

"मयताला आलाय का रे दोघं? असले ढिगानं बसलेत खाली फुटपाथवर. आता एकच तबकडी उरलीय. जमत नसेल तर पुढच्याला वर पाठव."

"बायको जरा घाबरलीय, साहेब," गोऱ्यांपुढं काढायचं हसू काढून होझिआ म्हणाला. मग त्यानं खिशातून चाकू काढला.

"नको," लुवीनिया ओठ न हलवता म्हणाली.

लाल दिवा लागला.

पातं तारांवरून सरकलं आणि तो गायला, स्वतःच्या गळ्यानं. लुवीनियानं दाराकडं पाहिलं. पण हात चालत राहिले, आणि चालता चालता भीती कुठंतरी मागं पडली. तिसऱ्या कडव्यात चाकू बारक्या तारेवर वर वर चढला आणि तिथंच, हुंदका अडकावा तसा, थरथरत थांबला.

"वाजव, होझिआ!"

हाक बाहेर पडली आणि मग तिला ऐकू आली. होझिआची मान हललीसुद्धा नाही. त्यानं गाणं शेवटपर्यंत नेलं.

"हे! हे पाहिजे होतं मला!" साहेब उठून उभाच राहिला. "ती हाक तर सोनं आहे, पोरी. होझिआ कोण गं?"

"तसं म्हणतात आमच्यात, साहेब. कुणालापण." तिनं गिटार सावरली. "माझं चुकलं. परत करू या?"

"मेण संपलं," साहेब म्हणाला, आणि खोक्यावर ऐटीत 'टॉम हेल' लिहून झाकण शोधायला पलीकडं गेला.

तबकडी यंत्रावर उघडीच होती, उकाड्यानं मऊ पडलेली. एक नख ओढलं असतं तरी पुरलं असतं. लुवीनियाचा हात पुढं झाला. होझिआनं तिचं मनगट धरलं.

"सोड," ती कुजबुजली. "नेतील तुला."

"चाकू काढला तेव्हाच जे व्हायचं ते झालं, लू. ती तार ऐकून कप्तानाला नाव कशाला लागतंय? तू नुसती हाक मारलीस. आणि झकास मारलीस."

साहेब झाकण घेऊन आला.

खाली रस्त्यावर शनिवारची गर्दी होती, तळलेल्या माशांचा वास, खेचरांच्या गाड्या. होझिआ गिटार पाठीला लावून पुढं निघाला होता, मान वर, कुणीतरी अंगावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखा. कोपऱ्यावर तो चुकीच्या बाजूला वळला. त्या बाजूला खांबाला टेकून एक पोलीस सफरचंद सोलत उभा होता.

लुवीनियानं हाक मारायला तोंड उघडलं. टॉम म्हटलं तर तो वळला नसता; होझिआ म्हटलं तर पोलिसानंही ऐकलं असतं.

तिनं तोंड मिटलं. धावायचीही सोय नव्हती, म्हणून ती घाईत नसलेल्या बाईसारखी, पण भराभर, त्याच्या मागं चालू लागली.