तात्यांचा शब्द

ऊसतोडीला जाण्याआधी उत्तरेश्वर आईसाठी बीडजवळचा एक वृद्धाश्रम बघायला गेला. भिवराबाईचे गुडघे कामातून गेले होते आणि दुष्काळामुळं सिरसाळ्यात आठवड्यातून एकदाच टँकर यायचा. तिला एकटीला मागं ठेवणं शक्यच नव्हतं. व्यवस्थापकानं सगळं फिरून दाखवलं, पण उत्तरेश्वरचा विश्वास बसला तो तिथं राहणाऱ्या, गावच्याच आश्रुबातात्यांवर.

"बिनघोर ठेव तिला. येळेवर भाकर, पानी, समदं हाय," तात्या म्हणाले.

सहा महिने फोनवर आई "बरी हाय" एवढंच म्हणायची. सहकारी साखर कारखान्याचा हंगाम संपला तसा तो तिला न्यायला आला. ती वाळून निम्मी झाली होती, पाठीला जखमा पडल्या होत्या. "पानी मागितलं की खेकसत्यात रे," ती म्हणाली.

आईला रिक्षात बसवून तो तात्यांपुढं उभा राहिला. "तात्या, तुमी तर घरचे. तुमी कावून खोटं बोलले?"

तात्यांनी मान खाली घातली.



"खरं सांगितलं असतं, तर तू तिला इथं ठेवलं नसतं. तीन वर्सं झाली, गावाकडचं बोलायला मला कुनीच न्हवतं रे."