लाली

गव्हाच्या मळणीत विठोबाच्या डोळ्यात तूस गेलं आणि डोळा लालभडक झाला. अंजनीनं सासूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब काढले, नि तुळशीला पाणी घालावं तशा नेमानं घातले. तिसऱ्या दिवशी लाली गेली. पंधराव्या दिवशी बुबुळावर पांढरं फूल पडलं, तेव्हा दोघं सिहोऱ्याहून बस धरून जबलपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात आली.

अंजनी बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहून कपाळावर हात मारला. "तुसासंगं बुरशी आत गेली, भैया. ओरखड्यात बी रुजावं तशी रुजली. लाली म्हणजे तिच्याशी झुंजणारं तुमचंच रक्त होतं. या थेंबांनी त्यालाच झोपवलं, तिला रान मोकळं झालं. आता ही नजर परत येणार नाही. किसने डाली ये दवा?"

"मीच जी," विठोबा म्हणाला.

तो बाहेर येताच अंजनी उठली. "काय म्हणाल्या? माझ्या थेंबांनी गुण आला ना?"

पंधरा दिवसांत तिनं एक वेळ चुकवली नव्हती. "आला तर. त्या थेंबांनीच डोळा इतके दिवस टिकला म्हणे."

तिचा चेहरा उजळला. शेजारी एक बाई लाल डोळ्याची पोर मांडीवर घेऊन बसली होती. विठोबाच्या हातातली बाटली घेऊन अंजनीनं तिला दिली. "ले लो दीदी, हमारे इनको बहुत आराम पड़ा."

बाईनं पोरीची मान मागं कलवली.

"अंजनी, ती बाटली परत घे!"

हसतच अंजनीनं विचारलं, "काहून जी?"