यशवंतराव निघाले आहेत

"हे यशवंतराव कोण?" सोबत काम करणाऱ्या शिरीषनं अनुश्रीच्या स्क्रीनवर वाकून विचारलं.

अनुश्री हसली. अँब्युलन्स बोलवायच्या ॲपचा कंट्रोलर, म्हणजे मागणी पुढे पाठवणारा कोड, ती तपासत होती. तपासताना खऱ्या सर्व्हिसला हात लावायचा नसतो, नाहीतर प्रत्येक टेस्टला रायपुरात खरी गाडी धावायची! म्हणून तिच्या जागी मॉक, म्हणजे सर्व्हिसचं नुसतं सोंग. त्या बिचाऱ्याला काहीही विचारा, ते एकच ठरलेलं उत्तर देणार: ड्रायव्हर यशवंतराव निघाले आहेत, पोचतीलच.

"ओळखीचे ड्रायव्हर," ती म्हणाली. कॉलनीच्या वळणावर दोनदा हॉर्न द्यायचे, आणि उशीर म्हणून कधी नाही, असंही तिनं कौतुकानं सांगितलं.

टेस्ट सगळ्या हिरव्या, म्हणजे पास झाल्या. आता बुढापाऱ्याच्या बाजारातून बाबांच्या फोटोला हार घ्यायचा आणि घर गाठायचं. उद्या वर्षश्राद्ध होतं. ती लॅपटॉप मिटणार तोच आईचा फोन आला.

आई चौबे कॉलनीत एकटीच होती. छातीत दुखत होतं, बोलताना धाप लागत होती. "तू टाकलेलं ते ॲप... दाबलं मी बटण. ड्रायव्हर निघाला म्हणून राहिलं."

रविवारी मोठ्या हौसेनं अनुश्रीनंच ते आईच्या फोनवर टाकलं होतं. पण कोणतं? खरं, की मॉक जोडलेलं?

"आई, ड्रायव्हरचं नाव वाच."

आई ओशाळून म्हणाली, "ते नाव नाही घेता येत मले. तुले माहीत आहे न."

बाबांचं नाव आई कधीच घेत नसे. मॉकच! म्हणजे निघालं कोणीच नव्हतं, आणि आई तिकडे वाट पाहत बसली होती. अनुश्रीनं शिरीषला खरी अँब्युलन्स बोलवायला लावली, आईला दार उघडं ठेवून पडून राहायला सांगितलं, आणि दोघं फोन कानाला लावून जिना उतरू लागले.

आईच्या फोनमधून हॉर्न ऐकू आला. एकदा. परत एकदा.

"आली बाई गाडी," अनुश्री सुटकेनं म्हणाली.

शिरीष पायरीवरच थांबला. "अँब्युलन्सच्या ड्रायव्हरशीच बोलतोय मी," तो म्हणाला. "गाडी अजून गुढियारीत अडकली आहे."

"आई," अनुश्री कशीबशी म्हणाली, "दार लावून घे."

आईची धाप कुठल्या कुठे गेली होती.

"काहून लावू, पोट्टी? तुझे बाबा आले न मले न्यायले."