शंभर प्रश्न

१९९९ साल. कुपवाडच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या शौनकनं कामावर निघताना वडिलांपुढे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची नवी सीडी ठेवली.

"बाबा, ही बसवताना काही म्हणजे काही विचारत नाही. सगळं आपलं आपण ठरवते. तुम्हाला त्रास नाही."

"मला जुनीच राहू दे," अनंतराव म्हणाले. "ती कीबोर्ड कुठला ते विचारते, घड्याळ कुठल्या गावचं लावू विचारते, डिस्कचा कुठला भाग पुसू विचारते. मी उत्तर दिल्याशिवाय पुढं सरकत नाही. मशीन माझं, मग ठरवायचं मीच ना?"

"अहो, शंभर प्रश्न! एवढा वैताग हवाय कुणाला?" शौनक हसला आणि बूट घालता घालता म्हणाला, "बरं, तुमचं पलूसचं घर भाड्यानं दिलंय. सोमवारी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. तुम्हाला त्रास नको म्हणून मीच सगळं परस्पर ठरवून टाकलं."

दार ओढून तो गेला. आता संध्याकाळी सात वाजेपर्यंत घरात दुसरं कुणी नव्हतं.



अनंतरावांनी जुनी सीडी काढली आणि कालच बसवलेली, चांगली चालणारी सिस्टीम पुसून, या आठवड्यात चौथ्यांदा, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली.