तोडणीचे तीन आठवडे

“आता एखादा बंद पडलेला दाखवा,” नियोले म्हणाली.

विओरेलला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. गुंतवणूक कचेरीचा हा तरुण अधिकारी दोन दिवस तिला गाडीत घालून मोल्दोवाभर हिंडवत होता. परदेशी मालकांचे तीन कारखाने दाखवून झाले होते. तिन्हीकडे चकचकीत फरशी, हसरे मॅनेजर आणि निघताना वाईनची बाटली. करांचे दर, जकातीचे नियम, मजुरी, सगळं छापील पुस्तकात होतं आणि ते पुस्तक नियोलेच्या मांडीवर होतं.

“बंद पडलेला कशाला, बाई? चालू असलेलेच बघून होत नाहीत.”

“चालणारे सगळे एकच बोलतात. मला बुडालेला माणूस हवाय.”

चोपन्न वर्षांची नियोले लिथुआनियातून आली होती. पानेवेझिस गावात तिचा आणि तिच्या भावाचा रजया-उशांचा धंदा. इथे शिवायच्या आणि इथेच विकायच्या, असा बेत. भाऊ सही करायला उतावीळ झाला होता. पण हे फसलं तर तिकडच्या कारखान्यातल्या चाळीस माणसांचं कामही जाणार होतं, आणि त्या चाळिसांना ती नावानिशी ओळखत होती.

विओरेलने चार वाजताच्या मोठ्या साहेबांच्या भेटीची आठवण दिली. ती ऐकेना. शेवटी प्रुत नदीकाठच्या एका गावात, एका निळ्या फाटकापाशी त्याने गाडी थांबवली.

“व्हाल्दिस म्हणून आहे. तुमचाच शेजारी, लाटव्हियाचा. मी सांगितलं म्हणू नका.”

अंगणात वेलाच्या मांडवाखाली साठीचा एक माणूस शिवणयंत्र उघडून बसला होता. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले.

“म्हणजे आमचा धाकटा भाऊ इथे लपलाय होय!” नियोले रशियनमध्ये म्हणाली. लिथुआनियाची माणसं लाटव्हियावाल्यांना असंच चिडवतात.

“वयाने तरी मीच थोरला दिसतोय, ताई. बसा.”

ती बसली आणि सरळ मुद्द्यावर आली. “कशाने बुडालात? जकात? वीज? कोर्टकचेरी?”

“छे हो. द्राक्षांनी.”

तो हात पुसत सांगू लागला. कामगारांचे हातमोजे शिवायचा कारखाना होता. साठ बायका. पहिल्याच वर्षी सप्टेंबरात एका सकाळी बावीसच हजर. बाकीच्या मळ्यात. घरोघरी द्राक्षांच्या चार-दोन ओळी असतातच, आणि पिकलेलं द्राक्ष कुणासाठी थांबत नाही.

“मी करारपत्र वाचून दाखवलं. धाक बसावा म्हणून दोघींना घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी त्या बावीसही आल्या नाहीत.”

“आणि कायदा?”

“कायदा सगळा माझ्या बाजूने होता, ताई. बायका नव्हत्या.”

नियोलेने पुस्तक चाळलं. मनुष्यबळाच्या पानावर सुट्ट्यांची यादी होती. तोडणी तिच्यात नव्हती.

“मग परत का नाही गेलात?”

“मशिनं विकून जाणारच होतो. घेतली त्यांनीच, एकेक करून. मग सुई मोडली, पट्टा तुटला की बोलवायला लागल्या. गेलं की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. अठरा वर्षं झाली.” त्याने एक स्क्रू आवळला. “शिवतात मात्र इतकं सुबक! मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं.”

नियोलेने तिथूनच भावाला फोन लावला.

“अल्गिस, द्राक्षतोडणीला तीन आठवडे कारखाना बंद ठेवायचा. करारातच घालायचं.”

“वेड लागलंय का तुला? थंडीच्या तोंडावर? रजया तेव्हाच तर खपतात!”

“म्हणून ऑगस्टपर्यंत शिवून ठेवायच्या.”

“आपला सल्लागार काय म्हणेल?”

“त्यालाच बसव मग शिवायला.”

तिने फोन ठेवला. “त्या दोघींतली कुणी आहे का इथे अजून?”

व्हाल्दिसने टेकडीच्या उतारावरच्या मळ्याकडे बोट दाखवलं. “आगाफिया. तोडणीला गेलीय. तिला विचारा. ती हो म्हणाली तर सगळ्या येतील.”

फाटकाबाहेर विओरेल हॉर्न वाजवत होता. नियोलेने जाऊन पुस्तक गाडीच्या मागच्या सीटवर टाकलं.

“साहेबांना सांगा, मी उद्या येते.”

“उद्या? आणि आत्ता कुठे?”

“वर.”

विओरेलने तिच्या पायांकडे पाहिलं. “या बुटांनी?”

ती चढू लागली होती.

डोक्याला रुमाल बांधलेल्या पंधरा-वीस बायका द्राक्षांच्या ओळींतून वाकल्या होत्या. आगाफिया साठीकडे झुकलेली, रुंद खांद्यांची. तिने पाहुणीला बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं. नियोलेला दम लागला होता, तरी तिने एका दमात सांगून टाकलं. रजयांचा कारखाना काढायचाय, शिवणाऱ्या बायका हव्यात.

“व्हाल्दिसकडून आलीस ना? काय सांगितलं त्याने?”

“तुम्हाला घरी बसवलं, ते.”

“घरी कुठे? इथेच तर होते मी!” आगाफिया म्हणाली आणि ओळीओळीतून हसू फुटलं.

नियोलेही हसली, पण जागची हलली नाही. “तोडणी संपल्यावर याल?”

“संपली की बघू.”

“संपेल कधी?”

आगाफियाने ॲप्रनच्या खिशातून कात्री काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि एक रिकामी बादली पायानेच तिच्याकडे सरकवली.

“ते आता तुझ्यावर आहे. ती कडेची ओळ घे.”