तारा गप्प करणारे हात

हार्प या उंच, उभ्या तंतुवाद्याचा नाद असलेल्या एका दिवंगत माणसाचा संग्रह आमच्या ग्रंथालयाला मिळाला. स्वरलिपीच्या वह्या, जुन्या मासिकांचे गठ्ठे आणि खोकी भरभरून रेकॉर्डी. ते सगळं घेऊन त्यांची लेक आली होती.

"बाबांनी हार्पला कधी हातसुद्धा लावला नाही हो," ती म्हणाली. "नुसते ऐकायचे. मात्र रेकॉर्ड संपली, की दोन्ही तळवे हवेत असे टेकवायचे. वाजवून झाल्यावर हार्पच्या तारा घुमत राहतात, त्या हाताने थांबवाव्या लागतात म्हणे. आई म्हणायची, कसलं हे खूळ!"

मीही हसले. असली खुळं आमच्याकडे रोज उठून येतात.

ती गेल्यावर, रेकॉर्डी धड आहेत का बघावं म्हणून एक लावली. भर दुपार होती, खोलीत मी एकटीच होते. शेवटचा सूर वाजला, मी सुई उचलली, तबकडी थांबली.

सूर थांबला नाही.

तो खोलीभर घुमत राहिला. खिडकीच्या काचा त्याच्यासोबत गुणगुणू लागल्या. इतकं सुंदर मी जन्मात ऐकलं नव्हतं. घाबरायचंसुद्धा भान राहिलं नाही. मग न ठरवताच माझे हात वर गेले आणि मी तळवे हवेत टेकवले.

तळव्यांखाली ताणलेल्या तारा थरथरल्या, आणि गप्प झाल्या.

माझा हात पोचत नव्हता तिथली एकच तार वाजत राहिली.

मग तीही कुणीतरी अलगद थांबवली.